अठरा जिंकले, एकोणिसावा गेला

मागच्या अंकात अपराजित संघांविषयी लिहिताना अमेरिकन फुटबॉलच्या २००७ च्या हंगामावर मी चार ओळी खरडल्या होत्या. पत्रं आली ती नेमकी त्या चार ओळींवरच, क्रिकेटचा अख्खा लेख बाजूला राहिला. असो. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॉस्टनच्या बाजूचा न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा संघ त्या वर्षी साखळीतले सगळेच्या सगळे १६ सामने जिंकला, नंतर बाद फेरीतले २ जिंकला आणि ३ फेब्रुवारी २००८ ला सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, न्यूयॉर्क जायंट्सकडून १७-१४ असा हरला. आता पत्रांकडे वळते.

ताई, मी नेरूळचा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मित्र खारघरला टर्फवर फ्लॅग फुटबॉल (गड्याला न पाडता कमरेची पट्टी ओढून थांबवायचा प्रकार) खेळतो. जायंट्सच्या डेव्हिड टायरीने शेवटच्या सव्वा मिनिटात चेंडू हेल्मेटला चिकटवून जो झेल घेतला, तो निव्वळ नशिबाचा होता. तो सुटला असता तर पेट्रियट्स १९-० झाले असते. पटतं का?

अजिबात नाही. झेल अफलातून होता, त्याबद्दल वादच नाही. पण हा सामना त्या झेलावर ढकलून मोकळं होणारे खूप भेटतात, आणि त्यांनी आधीची ५८ मिनिटं पाहिलेली नसतात.

पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी काय करायचा ते आधी बघ. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा गडी, चेंडू घेऊन मागे सरतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. ती भिंत अडीच-तीन सेकंद टिकली की पास झेलणारा रँडी मॉस नाहीतर वेस वेल्कर कुठेतरी मोकळा सापडतोच. त्या वर्षी भिंत टिकत होती. पाचांपैकी तिघे, मॅट लाइट, लोगन मॅन्किन्स आणि डॅन कोपन, हंगामाच्या मानाच्या प्रो बोल संघात निवडले गेले. चेंडू हातात असतानाच ब्रेडीला लोळवण्यात, म्हणजे सॅक करण्यात, प्रतिस्पर्ध्यांना १६ सामन्यांत मिळून २१ वेळा यश आलं. अंतिम सामन्यात तो एकाच रात्री ५ वेळा आडवा झाला. शिवाय चेंडू सुटल्यावर खाल्लेले धक्के वेगळे.

हे जायंट्सनी कसं जमवलं, त्यात खरी गंमत आहे. क्वार्टरबॅकवर दडपण आणायचं तर बहुतेक संघ पाच-सहा जण सोडतात. पण पुढे जितके जास्त सोडाल, तितके मागे झेल अडवायला कमी उरतात, आणि ब्रेडीला हेच हवं असायचं. जायंट्सचे बचावाचे प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्न्युओलो यांचं तिथलं ते पहिलंच वर्ष. त्यांनी बऱ्याचदा चौघांवरच काम भागवलं आणि उरलेले सात मागे ठेवले. मी शाळेत असताना कळव्याला कबड्डी खेळायचे, त्यामुळे मला हे चटकन कळलं. कोपऱ्यातला एकटा गडी घोटा धरून चढाईवाल्याला रोखू शकला, तर बाकीच्यांना साखळी मोडून धावावं लागत नाही. मायकल स्ट्रॅहॅन आणि ओसी उमेन्योरा दोन्ही कडांवर असायचे. जस्टिन टक हा एरवी कडेचा गडी, पण त्याला स्पॅग्न्युओलोंनी कित्येकदा मधोमध आणून उभं केलं. तिथल्या जाडजूड अडवणाऱ्यांना एवढ्या वेगाची सवय नसते. त्यात पेट्रियट्सचा उजव्या बाजूचा गार्ड स्टीफन नील दुसऱ्या सत्रात गुडघा दुखावून बाहेर गेला. मध्यंतराच्या तोंडावर टकने ब्रेडीच्या हातातला चेंडूच पाडला आणि उमेन्योराने तो उचलला. ती चढाई गुण न मिळताच संपली.

जो संघ वर्षभर सामन्यामागे सरासरी ३६ च्या वर गुण करत होता, तो १४ वर थांबला. अंतिम सामन्याच्या आठवड्यात जायंट्सच्या प्लॅक्सिको बरेसने २३-१७ असं भाकीत केलं होतं, तेव्हा ब्रेडी हसला होता, आम्ही फक्त १७ करणार का म्हणून. तेवढेही झाले नाहीत.

आता नशिबाचा मुद्दा. नशीब मोजायचं तर दोन्ही पारड्यांत मोज. ३ डिसेंबरला बाल्टिमोरमध्ये पेट्रियट्स हरल्यात जमा होते. शेवटच्या चढाईत, दहा यार्ड सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी चौथ्यात, तिथल्या रेव्हन्स संघाने त्यांना अडवलंसुद्धा. पण त्याआधी क्षणभर रेव्हन्सच्याच बाकावरून टाइम-आउट मागितला गेला होता, त्यामुळे तो डाव रद्द झाला आणि पुन्हा संधी मिळाली. ४४ सेकंद उरलेले असताना पेट्रियट्सच्या जबार गॅफनीने झेल घेतला आणि २७-२४. त्याच्या आदल्या आठवड्यात फिलाडेल्फियाने पर्यायी क्वार्टरबॅक घेऊन त्यांना ३१-२८ पर्यंत रडवलं. उपान्त्य सामन्यात चार्जर्सनी ब्रेडीचे तीन पास पकडले, आणि तरी पेट्रियट्स २१-१२ असे जिंकले. वस्तरा बोथट होत चालला होता, फक्त निकालाच्या रकान्यात ते दिसत नव्हतं.

आणि प्रशिक्षक बेलिचिक यांचा तो निर्णय कुणीच का काढत नाही? तिसऱ्या सत्रात जायंट्सच्या ३१ यार्डांवर पेट्रियट्स होते, चौथा प्रयत्न आणि १३ यार्ड हवेत. किक मारून ३ गुण घ्यायचा प्रयत्न करता आला असता. लांबची होती, पण आवाक्याबाहेरची नव्हती. त्यांनी पास टाकला आणि तो वाया गेला. शेवटी हरले किती गुणांनी? ३.

झेलापर्यंत आलेच आहे, तर तोही नीट आठव. जायंट्स मागे होते १४-१०. त्याच्या आधीच्याच डावात जायंट्सचा क्वार्टरबॅक इलाय मॅनिंगचा पास पेट्रियट्सच्या असान्ते सॅम्युएलच्या बोटांना लागून निघून गेला. तो पकडला असता तर सामना तिथेच संपत होता, तेव्हा हे नशीब म्हण हवं तर. पुढच्या डावात जार्व्हिस ग्रीन आणि रिचर्ड सिमोर यांनी मॅनिंगचा शर्ट मुठीत धरला होता. शर्ट ताणला गेला, पण गडी पडला नाही. तो निसटून मागे आला आणि मैदानाच्या मध्यावर उंच चेंडू फेकला. टायरीने उडी मारली. रॉडनी हॅरिसन त्याचा हात खाली ओढत होता, आणि टायरीने उजव्या हाताने चेंडू डोक्याच्या हेल्मेटवर दाबून धरला आणि स्वतः जमिनीवर आपटल्यावरही सोडला नाही. ३२ यार्ड. पण तरी टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवणं) बाकीच होता. त्यानंतर मॅनिंग एकदा सॅक झाला, एक पास फुकट गेला, तिसऱ्या प्रयत्नात ११ यार्ड हवे असताना स्टीव्ह स्मिथने १२ काढले, आणि मग ३५ सेकंद उरलेले असताना बरेसने १३ यार्डांचा झेल घेतला. ब्रेडीकडे अजून वेळ होता. त्यातही नवख्या जे आल्फर्डने त्याला खाली आणलं. म्हणजे शेवटचा शब्दही त्या भिंत फोडणाऱ्यांचाच.

साखळीच्या १६ सामन्यांत टायरीने एकूण ४ झेल घेतले होते, आणि एनएफएल या लीगमध्ये त्यानंतर त्याला एकही झेल मिळाला नाही. या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण सामना टकने जिंकून दिला. सामनावीर मॅनिंगला दिला, ती रीतच आहे. तुमच्या टर्फवर अडवणारेच नसतात, म्हणून तुम्हाला चेंडूच दिसतो, हे मात्र मान्य.

वर्तकनगर, ठाणे येथील एक निवृत्त बँक कर्मचारी विचारतात: १६ पैकी ६ सामने हरलेला संघ विजेता आणि १९ पैकी एकच हरलेला उपविजेता. हा कुठला न्याय? तीन सामन्यांची मालिका का खेळवत नाहीत?

काका, तुमची चीड समजते. पण या खेळात आठवड्याला एकच सामना होतो, कारण त्याहून जास्त शरीराला झेपत नाही. अंतिम फेरीची मालिका ठेवली तर तिसऱ्या सामन्याला अर्धा संघ कुबड्यांवर येईल. त्यामुळे बाद फेरीत एकाच सामन्यात काय तो निकाल. त्या काळी ३२ पैकी १२ संघ बाद फेरीत जायचे. आपापला गट जिंकलेले ८ आणि उरलेल्यांतले बरे ४. जायंट्स त्या चारांतले, वाइल्ड कार्डवाले. पेट्रियट्सनाही हे नियम पहिल्या दिवसापासून ठाऊक होतेच की.

आणि ६ हरले म्हणून जायंट्सना किरकोळीत काढू नका. सुरुवातीचे दोन सामने ते सपाटून हरले. डॅलसने ४५ गुण चढवले, ग्रीन बेने ३५. प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांना घालवा अशी ओरड आदल्या वर्षापासूनच होती. पण ३० सप्टेंबरला याच संघाने फिलाडेल्फियाच्या क्वार्टरबॅकला एका सामन्यात १२ वेळा सॅक करून लीगच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्यातले ६ एकट्या उमेन्योराचे. वर्षाअखेर ५३ सॅक, त्या हंगामात सगळ्यांत जास्त. नेरूळच्या मुलाला वर जे सांगितलं, त्याची वर्दी चार महिने आधीच मिळाली होती.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. हा संघ आपल्या घरच्या मैदानावर ३ जिंकला, ५ हरला. बाहेर ७ जिंकला, १ हरला. बाद फेरीत तिन्ही सामने परक्याच्या दारात होते. टॅम्पा बेला २४-१४, डॅलसला २१-१७. मग ग्रीन बे. तिथे त्या संध्याकाळी पारा उणे १८ सेल्सियसच्या आसपास होता आणि कॉफलिन यांचे गाल बीटासारखे लाल झालेले फोटो आजही सापडतात. जायंट्सचा किक मारणारा लॉरेन्स टाइन्स चौथ्या सत्रात दोनदा चुकला. दुसरी किक तर निर्धारित वेळेच्या अगदी शेवटी, ती बसली असती तर तिथेच विजय होता. जादा वेळेत ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्हर याचा पास जायंट्सच्या कोरी वेब्स्टरने पकडला. आता ४७ यार्ड, आधीच्या दोन्हींपेक्षा लांब. प्रशिक्षक काय म्हणतात याची वाट न बघता टाइन्स स्वतःच पळत मैदानात गेला आणि घातली. २३-२०. फाव्हरचा पॅकर्सच्या शर्टातला तो शेवटचा सामना ठरला.

असा संघ उपरा म्हणायचा का? पैजा लावणारे तेव्हा पेट्रियट्सना १२ गुणांनी वरचढ मानत होते, ते सोडा.

घोडबंदर रोडवरून एकांनी विचारलंय: पेट्रियट्सनी कॅमेरे लावून चोरी केली होती ना? मग कौतुक कसलं?

केली होती. ९ सप्टेंबर २००७, हंगामाचा पहिलाच सामना, समोर जेट्स. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभे राहून हातवाऱ्यांनी खुणा करतात, त्यांचं चित्रीकरण पेट्रियट्सचा माणूस मनाई असलेल्या जागेवरून करत होता. पकडला गेला. आयुक्त रॉजर गुडेल यांनी बेलिचिक यांना ५ लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड केला आणि नव्या खेळाडूंच्या २००८ च्या निवडीतला पहिल्या फेरीचा हक्क काढून घेतला. पुढे लीगने त्या फिती नष्ट केल्या, त्यावरून सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी सुपर बोलच्या तोंडावर लीगला धारेवर धरलं.

माझं मत विचाराल तर शिक्षा योग्य होती आणि फिती नष्ट करणं हा शहाणपणा नव्हता. त्यानेच संशय वाढला. पण कॅमेरा जप्त झाला पहिल्याच सामन्यात. पुढचे १७ विजय सगळ्या देशाची नजर रोखलेली असताना मिळवलेले आहेत, तेही बहुतेकदा समोरच्याचा चेंदामेंदा करून. राग होताच त्यांना. ५२-७, ५६-१० असे निकाल लावत होते. सामना कधीच हातात आलेला असताना चौथ्या सत्रात पास फेकणं कित्येकांना खटकलं. मलाही खटकलं.

त्या दिवसांत मी ऐरोलीत रात्रपाळीला होते, अमेरिकन गिऱ्हाइकांची बिलं आणि तक्रारी सोडवण्याचं काम. हा खेळ मी तिथेच शिकले, कारण फोन होल्डवर असताना गिऱ्हाईक हवामानावर बोलतं किंवा सामन्यावर. आमच्या टीम लीडरने खांबावर सामन्यांचं वेळापत्रक चिकटवलं होतं, राज्यांच्या नावांसकट, कुठल्या बाजूचा फोन आहे ते बघून आदल्या दिवशीचा विषय काढता यावा म्हणून. त्या शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्सची माणसं चढ्या आवाजात, खुशीत. बाकीच्या राज्यांतून त्या संघाबद्दल जे ऐकलं ते इथे छापण्याजोगं नाही. चोरीचा ठपका आणि वरून हा माज, यामुळे त्या संघावर लोकांचा केवढा दात होता, हे आकडे वाचून कळणार नाही. फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी आपल्याकडे पहाटे पाचच्या सुमारास सामना सुरू झाला. त्या रात्री कामावर गेले, तर बॉस्टनकडची माणसं बिलाबद्दल काय ते विचारून फोन ठेवून देत होती.

ऐरोलीहून एक वाचक: याआधी कुणी पूर्ण हंगाम अपराजित राहिलं होतं का? आणि त्या संघाचे खेळाडू दरवर्षी शॅम्पेन उघडतात हे खरं का?

हो, १९७२ चे मायमी डॉल्फिन्स. तेव्हा साखळीत १४ सामने असायचे. ते सगळे, शिवाय बाद फेरीतले २ आणि १४ जानेवारी १९७३ ला लॉस एंजेलिसला अंतिम सामन्यात वॉशिंग्टनवर १४-७. एकूण १७-०. प्रशिक्षक डॉन शूला. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी पाचव्या सामन्यात पाय मोडून बसला, आणि पुढे बराच काळ गाडा ओढला तो ३८ वर्षांच्या अर्ल मोरॉलने. या वयात लोक समालोचन करतात!

त्या अंतिम सामन्यातला एक प्रसंग तर नाटकात शोभावा. १४-० ने पुढे असताना किक मारणारा गारो येप्रेमियन याची किक अडवली गेली, चेंडू परत त्याच्याच हातात आला आणि या गृहस्थांनी आयुष्यात कधी न केलेला पास टाकायला घेतला. चेंडू हातातून निसटून वर उडाला, वॉशिंग्टनच्या माइक बासने तो झेलून थेट टचडाऊन केला. १७-० असा हंगाम १७-० गुणांनी संपायचा, तो असा संपला.

शॅम्पेनचं म्हणाल तर शेवटचा अपराजित संघ हरला की सगळा जुना संघ जमून प्याले उंचावतो, हे फुगवलेलं आहे. शेजारीशेजारी राहणाऱ्या दोघा-तिघांनी कधी एकमेकांना प्याला दाखवला, त्याचीच पुढे दंतकथा झाली. स्वतः शूला तसं काही होत नसल्याचं सांगत. आणि २००७ मध्ये त्याच डॉल्फिन्सची काय गत होती माहीत आहे? १६ पैकी १ विजय, तोही जादा वेळेत. त्यांचा एक पराभव तर लंडनला, वेम्बलीच्या चिखलात, १३-१० असा झाला. उत्तर अमेरिकेबाहेरचा एनएफएलचा तो पहिला साखळी सामना. हरवणारे कोण? जायंट्सच.

कळव्याहून एक गृहिणी: मुलगा म्हणतो, हरलेल्या संघाच्या विजयाचे टी-शर्टसुद्धा आधीच छापलेले असतात. त्यांचं काय होतं?

खरं सांगतो तो. सामना संपल्यापासून मिनिटाभरात विजेत्यांच्या अंगावर टी-शर्ट आणि टोप्या चढलेल्या दिसतात, तेव्हा दोन्ही संघांचा माल तयार ठेवावाच लागतो. हरलेल्यांचा माल अमेरिकेत विकायला बंदी. त्या वर्षांत तो वर्ल्ड व्हिजन या संस्थेमार्फत परदेशात गरजूंना जायचा. पेट्रियट्स तर आणखी पुढे गेले होते. अंतिम सामन्याच्या आधीच त्यांनी '१९-०' हे चिन्ह आपल्या नावावर नोंदवण्यासाठी अर्ज टाकून ठेवला होता. बारशाआधी पाळणा टांगू नये म्हणतात ते अमेरिकेत कुणी सांगितलं नसावं.

कोपरखैरणे, इयत्ता नववी: त्या वर्षी पेट्रियट्सनी केलेले विक्रम अजून टिकून आहेत का?

काही आहेत, काही गेले. ब्रेडीचे ५० टचडाऊन पास आणि मॉसचे २३ टचडाऊन झेल, हे दोन्ही विक्रम एकाच चेंडूवर झाले होते, माहीत आहे का तुला? २९ डिसेंबर २००७, साखळीचा शेवटचा सामना, ६५ यार्डांचा पास. समोर जायंट्सच होते. त्यांची बाद फेरीतली जागा आधीच पक्की होती, जिंकून वा हरून काही फरक पडणार नव्हता. तरी कॉफलिन यांनी मुख्य खेळाडू उतरवले, काही जखमीही झाले, आणि ३८-३५ असे हरले. तिसऱ्या सत्रात ते २८-१६ ने पुढे होते. हा सामना मिळाला तर आधी बघ, मग अंतिम सामना बघ. बघताना दोन-चार डाव चेंडू सोडून दे आणि ब्रेडीच्या पुढच्या पाच जणांवर नजर ठेव.

५० चा विक्रम २०१३ मध्ये पेटन मॅनिंगने मोडला, त्याने ५५ केले. हा इलायचा थोरला भाऊ. पेट्रियट्सच्या संघाचे ५८९ गुणही त्याच वर्षी त्याच्याच डेन्व्हरने ६०६ करून मागे टाकले. मॉसला पेट्रियट्सनी ओकलंडकडून फक्त चौथ्या फेरीच्या निवडीच्या बदल्यात घेतलं होतं, म्हणजे जवळजवळ भंगारच्या भावात. त्याने जेरी राइसचा २२ झेलांचा विक्रम मोडला. राइसने मात्र ते १९८७ च्या संपाच्या वर्षी १२ सामन्यांत केले होते, मॉसला १६ लागले. वर्गात वाद घालायचा असेल तर हा मुद्दा घे. मॉसचे २३ अजून कुणी ओलांडलेले नाहीत.